ठरावापासून ओंजळीपर्यंत

१९२३ साली मुंबई कायदेमंडळाने सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य ठरवल्या गेलेल्या माणसांनाही वापरता याव्यात, असा त्याचा आशय होता. महाडात हा ठराव पाण्याच्या संदर्भात आठवला जातो आणि ते साहजिकच आहे. पण त्याच ठरावात सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखानेही होते. पाणवठा आणि शाळा तिथे शेजारी-शेजारी आले होते. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. सुरबानाना टिपणिसांसारखी सुधारक माणसे गावात होती म्हणून तो झाला. तरीही १९२७ पर्यंत एकाही अस्पृश्याला त्या तळ्याचे पाणी भरता आले नाही. ठराव दप्तरात होता. तळ्याभोवती मात्र सवर्णांची घरे होती, आणि काठावर उतरणाऱ्याचे काय होईल हे सगळ्यांना ठाऊक होते.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग माणसे मंडपापासून तळ्यापर्यंत चालत गेली आणि पाणी प्यायली. मग परिषदेला आलेल्यांना मारहाण झाली, तळ्याचे शुद्धीकरण झाले, ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, डिसेंबरात दिवाणी दावा दाखल झाला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला मार्च १९३७ उजाडला.

महाड, पोलादपूर आणि माणगाव परिसरातल्या प्राध्यापकांनी उच्च शिक्षणातील डिजिटल साधनांवर लिहिलेल्या या पुस्तकात शिरताना मला हा इतिहास टाळता आला नाही. ज्ञानाची फार मोठी साठवण आज देशात खुली आहे. व्याख्याने आहेत, ग्रंथ आहेत, प्रबंध आहेत, प्रयोगांची आभासी दालने आहेत, आणि बहुतेक सगळे फुकट. ते खुले असल्याची परिपत्रके महाविद्यालयांच्या फाइलींत आहेत. उमरठ किंवा वरंधच्या बाजूच्या एखाद्या वाडीवरून महाविद्यालयात येणारी मुलगी त्यातले किती ओंजळीत घेऊ शकते, हा या पुस्तकाचा प्रश्न आहे, आणि त्यावर लिहिण्याचा हक्क या लेखकांनी रोजच्या अध्यापनातून मिळवलेला आहे.

सत्याग्रहाच्या तयारीत ज्यांचा मोठा वाटा होता ते रामचंद्र बाबाजी मोरे याच परिसरातले. लहानपणी शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेने त्यांना प्रवेश नाकारला होता. त्या मुलाने वृत्तपत्राला पत्र लिहिले, बोभाटा झाला आणि प्रवेश द्यावा लागला. तरी बसायची जागा इतर मुलांपासून वेगळीच राहिली. हजेरीपटावर नाव आहे, पण वर्गात मात्र तो मुलगा पूर्णपणे नाही. ही अवस्था आपण २०२० साली पुन्हा पाहिली. ऑनलाइन तासाला पडद्यावर साठ नावे दिसत. त्यांतली किती मुले ऐकत होती, कितींचा आवाज तुटत होता, किती जण भावंडाचा किंवा वडिलांचा फोन परत देण्याच्या घाईत होते, हे शिकवणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. हजेरी लागली, तास झाला, अहवाल वर गेला.

त्या वर्षी रायगड जिल्ह्यावर दुहेरी घाव पडला, हे बाहेरच्यांना आठवत नसेल. मार्चमध्ये टाळेबंदी झाली. ऑनलाइन वर्ग कसे घ्यायचे याची जुळवाजुळव चालू असतानाच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळले आणि आत डोंगरापर्यंत विजेचे खांब आडवे झाले. कित्येक गावांत दिवसेंदिवस, काही ठिकाणी आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. फोन चार्ज करायला माणसे ज्याच्याकडे जनरेटर आहे त्याच्या दारात उभी होती. पुढच्या वर्षी २२ जुलैला सावित्री आणि गांधारीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत चढले. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही माणसे गेली. घराघरांतली पुस्तके, वह्या, गुणपत्रिका चिखलात गेल्या. कागदाची प्रत बुडते तेव्हा दूर कुठेतरी ठेवलेली डिजिटल प्रत वाचते, हे महाडकरांना त्या पुराने शिकवले. आणि त्याच काळात टॉवर बंद पडल्यामुळे ती प्रत उघडता येत नव्हती, हेही. या पुस्तकातली माणसे डिजिटल साधनांकडे पाहताना भारावलेली नाहीत आणि धास्तावलेलीही नाहीत. त्याचे कारण मला या दोन वर्षांत दिसते.

आकडेवारी थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ साली, देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी संगणक असलेली कुटुंबे ४.४ टक्के होती आणि इंटरनेटची सोय असलेली १४.९ टक्के. त्यानंतर स्वस्त डेटा आणि स्मार्टफोन गावोगाव पोचले, चित्र बरेच बदलले. पण बदलले ते फोनच्या बाजूने. संगणक अजूनही घरात नाही. आपला विद्यार्थी प्रबंधिका लिहितो ती फोनवर, तक्ता भरतो तोही सहा इंचांच्या पडद्यावर अंगठ्याने. अभ्यासक्रम आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लॅपटॉप असतो. इथून पुढच्या पुष्कळ अडचणी या तफावतीतून येतात.

एक साधा हिशेब करून पाहू. तासाभराचे व्याख्यान मध्यम दर्जाच्या चित्रफितीत भरले, सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने, तर ते सुमारे ४५० एमबी होते. त्यातला गाभा दहा मिनिटांत नीट बोलून नुसता आवाज ध्वनिमुद्रित केला, ३२ किलोबिटच्या दर्जाने, तर ती फाइल अडीच एमबीच्या आत बसते. सोबत फळ्याचे दोन स्वच्छ फोटो. पहिली फाइल उतरवायला मुलाला डोंगरावरचा नेटवर्कचा पट्टा गाठून बसावे लागते. दुसरी एसटी स्टँडवर गाडीची वाट पाहता-पाहता उतरते आणि घरी नेटवर्क नसले तरी ऐकता येते. एमआयडीसीत पाळी करून शिकणारी मुले ती रात्री ऐकतात. मुक्कामाची गाडी चुकू नये म्हणून शेवटचा तास सोडून निघणाऱ्या मुली ती प्रवासात ऐकतात. ठरल्या वेळेचा थेट ऑनलाइन तास या दोघांनाही उपयोगाचा नव्हता. या पुस्तकातले ‘हलक्या फाइली’ हे प्रकरण म्हणून मला सर्वांत मोलाचे वाटते. त्यात कुठलेही नवे तंत्रज्ञान नाही. ऐकणारा कुठे, कधी आणि कशावर ऐकणार आहे याचा विचार मात्र वाक्यावाक्यात आहे.

दूरवरच्या विद्यार्थ्यापर्यंत वर्ग नेण्याची धडपड आपल्याकडे जुनी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ १५ ऑगस्ट १९८४ रोजी दूरदर्शनवर सुरू झाला. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना दुपारचे ते कार्यक्रम आठवतील. विषय उत्तम असत, भाषा बहुधा इंग्रजी. २००४ साली शिक्षणासाठी एज्युसॅट हा स्वतंत्र उपग्रह सोडला गेला. सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ पासून एनपीटीईएलची व्याख्याने उभी केली. २०१७ साली ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ आले, सोबत ‘स्वयम् प्रभा’च्या वाहिन्या आल्या. खरगपूरच्या आयआयटीने राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय उभारले, ‘शोधगंगा’वर देशभरचे प्रबंध आले. प्रत्येक टप्प्यावर साठा वाढत गेला.

या सगळ्यांत महाराष्ट्रातले एक उदाहरण वेगळे आहे. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. त्याची स्वयंअध्ययनाची मराठी पुस्तके आजही स्पर्धा परीक्षांची मुले शोधत असतात. ती पुस्तके एकट्याने वाचणाऱ्या विद्यार्थ्याला समोर बसवून लिहिली आहेत: थोडे सांगायचे, मग थांबून विचारायचे, उत्तर मागे द्यायचे. त्यांच्या जोडीला तालुक्या-तालुक्यात अभ्यासकेंद्र आणि तिथे भेटणारा माणूस होता. आजच्या झगमगीत अभ्यासक्रमांत अनेकदा नेमक्या या दोन गोष्टी हरवतात. त्याच वर्षी कायदा होऊन लोणेऱ्याला बाबासाहेबांच्या नावाने तंत्रशास्त्र विद्यापीठ उभे राहिले. महाडपासून ते गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे आणि लोणेऱ्याच्या प्रयोगशाळा यांची ओळख आमच्या कला-वाणिज्य महाविद्यालयांशी जितकी व्हायला हवी होती तितकी झाली नाही, हे मी इथे मोकळेपणाने नोंदवतो.

भाषेचा प्रश्न या पुस्तकात वारंवार येतो. मुंबईच्या आयआयटीत प्रा. कण्णन मौदगल्य यांनी उभा केलेला ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्प मी अनेकांना आवर्जून दाखवतो. संगणकाचा पडदा चित्रित केलेले दहा-दहा मिनिटांचे धडे, मराठीसह अनेक भारतीय भाषांतले निवेदन, आणि इंटरनेट नसतानाही चालावे अशी रचना. अर्ध्या पडद्यावर धडा पाहायचा, उरलेल्या अर्ध्यावर स्वतः करून पाहायचे. २०२१ पासून प्रादेशिक भाषांत अभियांत्रिकी शिकवण्याची मुभा मिळाली आणि पिंपरी-चिंचवडच्या एका महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीचा मराठी वर्ग सुरूही झाला. म्हणजे जमते. न जमण्याची सबब आता उरलेली नाही.

पण मराठीतला मजकूर असणे आणि तो सापडणे यांतही अंतर आहे. कित्येक प्राध्यापकांच्या वीस-वीस वर्षांच्या टिपणवह्या श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या आहेत. विद्यार्थ्याच्या फोनवर त्या उघडल्या की निरर्थक चिन्हांची रांग दिसते. जुनी पुस्तके स्कॅन झाली ती पानांचे फोटो म्हणून. त्यात ‘खोत’ किंवा ‘कुळकायदा’ शोधायला जावे तर यंत्राला अक्षरच दिसत नाही. युनिकोडमध्ये रूपांतर करणे हे कंटाळवाणे, नाव न मिळणारे काम आहे. महाविद्यालयांनी नवा स्मार्टबोर्ड घेण्याआधी आपल्या विभागांची टिपणे युनिकोडमध्ये आणावीत, असे माझे ठाम मत आहे. स्मार्टबोर्ड पाच-सात वर्षांत भंगारात जातो. युनिकोडमधले टिपण पुढची पिढी वाचेल, दुरुस्त करेल, वाढवेल.

आता या पुस्तकातला एक पाठ जरा जवळून पाहू. पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला ‘इंडियन कानून’ या संकेतस्थळावरून नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर हा चवदार तळ्याच्या दाव्यातला १९३७चा निकाल उतरवून घ्यायला सांगितला. निकाल इंग्रजीत आहे, जड आहे. मुलांनी चार-चारच्या गटांत परिच्छेद वाटून घेतले आणि प्रत्येक गटाने आपल्या परिच्छेदाचे मराठीत सार सामायिक दस्तऐवजात लिहिले. अडलेल्या शब्दांची यादी बाजूला वाढत गेली. वादी, प्रतिवादी, वहिवाट, मनाई हुकूम हे शब्द कित्येकांच्या घरी जमिनीच्या भांडणांमुळे माहीत होते. निकालात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड तळ्याचे वर्णन करतात: चार ते पाच एकरांचे, चारही बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते. (१९२२ साली अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश हेच, हे एका विद्यार्थिनीने शोधून काढले.) मग वर्ग तळ्यावर गेला. गूगल अर्थवर काठाकाठाने खुणा ठेवून क्षेत्रफळ मोजले, रस्ते तपासले, निकालातली घरांची आणि घाटांची वर्णने समोरच्या बांधकामाशी ताडून पाहिली. अस्पृश्यांना वगळण्याची अनादी काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, या मुद्द्यावर निकाल लागला होता. रूढी ‘सिद्ध’ करायला काय-काय पुरावा लागतो, यावर वर्गात दोन तास वाद झाला.

या पाठात वापरलेली साधने कुठल्याही फोनवर असतात. खर्च जवळपास शून्य. पण मागे शिक्षकाने केलेली निवड आहे: कुठला निकाल, कुठले परिच्छेद, कोणता प्रश्न आधी, तळ्यावर कधी जायचे. आणखी एक गोष्ट. वर्गात एरवी मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या मुलांनी दस्तऐवजात सर्वाधिक भर घातली, असे शिकवणाऱ्याने नोंदवले आहे. बोलायला संकोच वाटणाऱ्याला लिहायची वाट मिळाली. डिजिटल साधनांच्या बाजूने मला माहीत असलेला हा सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून प्रकल्पांचे स्वरूपच बदलून गेले. एकाच रात्रीत वर्गाचे साठ प्रकल्प तयार होतात, सगळे गुळगुळीत, सगळे सारखे. पुस्तकातला एक लेखक यावर बंदीची भाषा करत नाही. तो मुलांना यंत्राकडून महाडच्या सत्याग्रहावर टिपण लिहून घ्यायला लावतो आणि मग त्यातल्या प्रत्येक तारखेला, प्रत्येक नावाला आधार शोधायला सांगतो. त्यासाठी ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झालेल्या ‘बहिष्कृत भारत’ या बाबासाहेबांच्या पाक्षिकाचे अंक आहेत, वसंत मून यांच्या संपादनाने १९७९ पासून निघू लागलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड आहेत, शासनाने ते छापले आणि डिजिटल रूपातही मोफत ठेवले. गुण मिळतात ते यंत्राच्या चुका पुराव्यानिशी दाखवण्याला. ही पद्धत मला पटते. मात्र ती साठ-सत्तर मुलांच्या वर्गात राबवायची तर तपासणीला लागणारा वेळ शिक्षकाच्या कार्यभारात मोजला गेला पाहिजे, आणि आज तो मोजला जात नाही.

साधने राबवण्याची घाई किती महागात पडते, याचा धडा आमच्या विद्यापीठक्षेत्राने २०१७ साली घेतला. मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत एका हंगामात सर्वत्र लागू केली. कल्पना वाईट नव्हती. पण प्रशिक्षण अपुरे, तयारी अपुरी. निकाल महिनोन्‌महिने रखडले, पुढचे प्रवेश आणि नोकऱ्या अडकल्या, ऑक्टोबरात कुलगुरूंना पायउतार व्हावे लागले. पोलादपूरच्या मुलाला त्या दिवसांत आपल्या गुणपत्रिकेची चौकशी करायला मुंबई गाठावी लागत होती. आजही बहुतेक विद्यार्थ्यांची डिजिटल शिक्षणाशी पहिली भेट अर्जातून होते: प्रवेशाचा अर्ज, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, ओटीपी, आधारशी जोडलेले खाते, ई-सेवा केंद्रातली रांग. शिकण्याचा आनंद देणारा पडदा त्यांना नंतर कधीतरी भेटतो, काहींना भेटतच नाही.

एक इशारा मला स्पष्ट शब्दांत द्यायचा आहे. २०२१ पासून सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून करण्याची परवानगी आहे. ज्या विषयाचा शिक्षक इथे कधीच मिळाला नसता तो विषय मुलाला घेता यावा, यासाठी ही सोय मोठी आहे. पण तिचा आधार घेऊन रिक्त जागा भरायच्याच नाहीत, तासिका तत्त्वावरच्या तरुण प्राध्यापकांना वर्षानुवर्षे टांगते ठेवायचे आणि वर्गात पडदा लावून द्यायचा, अशी वाट कुणी काढली तर ग्रामीण महाविद्यालये नावापुरती उरतील. आभासी प्रयोगशाळेत ब्युरेटचा नळ माऊसने फिरवून टायट्रेशनची पूर्वतयारी छान होते. शेवटचा थेंब कधी थांबवायचा हे हातालाच शिकावे लागते, आणि हात चुकला की शेजारी कुणीतरी उभे असावे लागते.

बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले, १९५० साली औरंगाबादला मिलिंदची सुरुवात केली. पुढे त्यांच्या नावाचे महाविद्यालय महाडातही आले. त्यांनी ग्रंथ जमवले तसेच शिक्षकही जमवले, आणि दिवसा नोकरी करणाऱ्यांसाठी सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरवले. विद्यार्थ्याच्या दिवसाचे वेळापत्रक आधी पाहून मग शिक्षणाची वेळ ठरवणे, ही त्या काळातली रचना आज हलक्या फाइली बनवणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांच्या कामात मला पुढे चाललेली दिसते.

पुस्तक वाचताना क्रम पाळण्याची गरज नाही. विज्ञानाच्या प्राध्यापकांनी आभासी प्रयोगांवरचा भाग आधी घ्यावा, भाषा आणि समाजशास्त्राच्या शिक्षकांनी निकालाचा पाठ. प्राचार्यांनी शेवटचे प्रकरण सुरुवातीलाच वाचावे, कारण त्यात खर्चाचा आणि कार्यभाराचा हिशेब आहे आणि तो त्यांच्या सहीशिवाय पुढे सरकत नाही. विद्यार्थ्यांसाठीच्या सूचना प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस वेगळ्या दिल्या आहेत. छापील प्रतीसोबत पुस्तकाची युनिकोडमधली प्रतही मोफत मिळेल. चित्रे कमी ठेवून तिचा आकार तीन एमबीच्या आत बसवला आहे, आणि प्रकरणे सुटी उतरवण्याची सोय केली आहे. कुणाला त्यात दुरुस्ती करून, आपल्या गावचे उदाहरण घालून ती पुढे पाठवायची असेल तर लेखकांची परवानगी पहिल्या पानावरच छापली आहे.